खंडेराव मार्केटमध्ये बायोची रिव्हिजन: प्लांट मॉर्फॉलॉजी आणि ॲनाटॉमी सोप्या भाषेत

बडोद्यात अकरावी-बारावी सायन्सच्या मुलांची बायो मी घेते आणि दरवर्षी हेच बघते की ह्यूमन फिजिओलॉजी आवडीने वाचणारी, जेनेटिक्सचे प्रॉब्लेम पटापट सोडवणारी मुलं प्लांट मॉर्फॉलॉजी (झाडाची बाहेरची रचना) आणि ॲनाटॉमी (आतली रचना) आलं की तोंड वाकडं करतात. म्हणतात मॅम याच्यात समजण्यासारखं काही नाहीच, नुसती नावं आणि उदाहरणं, रट्टा मारायचा आणि परीक्षेत देवावर भरवसा ठेवायचा. मला हे अजिबात पटत नाही. या दोन चॅप्टरमध्ये समजण्यासारखं भरपूर आहे, फक्त प्रश्न दोनच विचारायचे असतात: बाहेरून बघताना "हा भाग कुठे बसलाय?" आणि आतून बघताना "याच्यावर ताण कुठून येतो, पाणी कुठून येतं?" एवढं धरून वाचलं तर अर्धी उदाहरणं स्वतःहून जागेवर बसतात.

आधी सिलॅबसचं बोलून घेऊ, कारण इथेच खूप जणांचा गोंधळ होतो. नीट या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत 180 प्रश्न, 720 मार्क, त्यातले 90 प्रश्न म्हणजे 360 मार्क बायोचे, बरोबरला 4 आणि चुकीला 1 वजा. एनसीईआरटीचं अकरावीचं पुस्तक मध्यंतरी कमी केलं गेलं, त्यात रूट-स्टेम-लीफची मॉडिफिकेशन्स गेली, फॅबेसी आणि लिलिएसी या फॅमिली (वनस्पतींची कुळं) गेल्या, ॲनाटॉमीतून टिश्यूचा भाग आणि सेकंडरी ग्रोथ (खोड-मुळाची जाडी वाढणं) गेली. मुलं म्हणतात गेलं ना, मग सोडून द्या. पण 2024 पासूनचा जो नीटचा सिलॅबस आहे त्यात मॉडिफिकेशन्स लिहिलेली आहेत, टिश्यूज लिहिलेलं आहे, आणि वर पाच फॅमिली आहेत, माल्व्हेसी, क्रुसिफेरी, लेग्युमिनोसी, कॉम्पोझिटी आणि ग्रॅमिनी. नव्या पुस्तकात फॅमिली एकच उरलीय, सोलॅनेसी, आणि ती या पाचात नाही! म्हणून जुनं एनसीईआरटी कोणाकडे पडलं असेल तर मागून आणा, ताई-दादाचं चालेल, पेन्सिलीच्या खुणा असल्या तरी चालेल, पण ती पानं वाचल्याशिवाय राहू नका.

आता पहिला प्रश्न, कुठे बसलाय. रूट आणि स्टेम ओळखताना आपण काय करतो, जमिनीखाली आहे म्हणजे रूट, वर आहे म्हणजे स्टेम. इथेच गाडी चुकते. स्टेमची ओळख म्हणजे नोड आणि इंटरनोड, नोडवर पान, दोन नोडमधला भाग तो इंटरनोड, आणि पानाच्या बगलेत बड म्हणजे कोंब. रूटला हे काहीच नसतं. बस एवढाच नियम.

हिवाळ्यात खंडेराव मार्केटमध्ये उंधियूची भाजी घ्यायला जाल तेव्हा हा नियम लावून बघा. एक बटाटा हातात घ्या, नीट धुवा आणि त्याचे डोळे बघा. डोळा म्हणजे नुसता खड्डा नाही, खड्ड्याच्या एका बाजूला बारीक कमानीसारखी रेघ दिसेल, ती खवल्यासारख्या छोट्या पानाची खूण आहे, आणि त्याच्या बगलेत जे बारीक कोंब बसलेत ते ॲक्सिलरी बड. म्हणजे प्रत्येक डोळा हा एक नोड झाला. बटाटा फिरवत फिरवत बघितलात तर डोळे कसेही विखुरलेले नाहीत, गोल वर चढत जातात आणि एका टोकाला दाटी करतात, ते टोक म्हणजे खोडाचा शेंडा, आणि दुसऱ्या टोकाला देठ तुटल्याची खूण असते, तिथून तो मूळ झाडाला जोडलेला होता. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की "पोटॅटो इज अ मॉडिफाइड स्टेम" हे वाक्य पाठ करायची गरजच राहत नाही.

आता रताळं घ्या, आपल्या भाजीवाल्याकडे शक्करिया म्हणून मागा. वर डोळे नाहीत, कमान नाही, गोल चढणारी रांग नाही. हे ॲडव्हेन्टिशस रूट, म्हणजे मुख्य मुळाऐवजी झाडाच्या दुसऱ्या भागातून फुटलेलं मूळ. इथे एक हुशार मुलगी नेहमी विचारते की मॅम रताळ्यालाही घरात ठेवलं की कोंब येतात, मग ते स्टेम का नाही? प्रश्न बरोबर आहे. येतात कोंब, पण ते ठरलेल्या नोडवरून, पानाच्या बगलेतून येत नाहीत, कुठूनही फुटतात, म्हणून त्यांना ॲडव्हेन्टिशस बड म्हणतात. पुन्हा प्रश्न जागेचाच. गाजर आणि टर्निप मात्र टॅप रूट म्हणजे मुख्य मूळ, हा फरक ऑप्शनमध्ये हमखास येतो, गाजर टॅप, रताळं ॲडव्हेन्टिशस.

बाकीचे पटकन. आल्यावर ज्या गोल रेघा दिसतात ते नोड आणि जी बोटं फुटतात त्या फांद्या, हळद तशीच, सुरण आणि अळूचा कंद पण स्टेमच. कांदा मात्र उभा कापा, तळाशी ती छोटीशी कडक चकती दिसते ना जी आपण कापून टाकतो, तेवढंच स्टेम, खाली रूट आणि वर जे आपण खातो ती सगळी जाड झालेली पानं. केळीचा जो उंच बुंधा दिसतो तो पानांच्या बुडाच्या शीथच्या गुंडाळ्या आहेत, खरं स्टेम जमिनीखाली, आणि बाजूला जी पिल्लं फुटतात ते सकर.

काट्यांचं पण हेच. बोगनवेलीचा काटा बघा, पानाच्या बगलेत आहे, जिथे बड असायला हवी तिथे, म्हणून तो स्टेमचं मॉडिफिकेशन. लिंबाचा काटाही तसाच. निवडुंगात काटा पानाच्या जागी आहे म्हणून तो लीफ स्पाइन, आणि जे हिरवं चपटं खोड पानाचं काम करतंय ते स्टेम. टेन्ड्रिल, म्हणजे वेल ज्याने आधार धरते तो तंतू, काकडी, भोपळा, द्राक्षात स्टेमपासून, मटारात पानापासून. पानांमध्येही बड शोधा. कडुनिंबाची जी डहाळी आपण पाडव्याला तोडतो त्यात मधली काडी आणि दोन्ही बाजूला पात्या, ते सगळं मिळून एकच पान, कारण एकाही पातीच्या बगलेत बड नाही, बड फक्त काडीच्या बुडाशी आहे जिथे ती फांदीला चिकटते. सप्तपर्णीत उलट. एका ठिकाणाहून सातेक पानं निघतात म्हणून मुलं तिला पामेट कंपाउंड (पंजासारखं एकच संयुक्त पान) म्हणतात, पण ती सगळी वेगवेगळी साधी पानं एकाच नोडवर गोलाकार बसलीत, म्हणजे व्होर्ल्ड फिलोटॅक्सी. पुस्तकात अल्स्टोनिया लिहिलंय ते हेच झाड.

न्यूमॅटोफोर म्हणजे श्वासाची मुळं, त्याचं उदाहरण म्हणून पुस्तक रायझोफोरा देतं. आपल्या गुजरातच्या किनाऱ्यावर चिखलातून वर आलेली श्वासाची मुळं दिसतात ती जास्त करून एव्हिसेनियाची, तिवराची, आणि रायझोफोराची खरी शान त्याच्या टेकू देणाऱ्या मुळांत आहे. पण परीक्षेत पुस्तकातलं उदाहरण आलं तर तेच मार्क करा, तिथे वाद घालायला जागा नसते.

फुलाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त मार्क इथे सांडतात. ओव्हरी म्हणजे फुलातला तो भाग ज्याचं पुढे फळ होतं. सुपीरिअर ओव्हरी आणि इन्फिरिअर ओव्हरी यात मुलं कायम अडकतात, हायपोगायनस एपिगायनस ऐकलं की डोकं धरतात. एक पेरू घ्या आणि एक वांगं. वांग्याची हिरवी टोपी म्हणजे कॅलिक्स, ती देठाच्या बाजूला आहे, म्हणजे फळ कॅलिक्सच्या वर वाढलं, ओव्हरी वर होती, सुपीरिअर, फूल हायपोगायनस. पेरूत ती वाळलेली कुरतडल्यासारखी टोपी कुठे आहे? देठाच्या विरुद्ध टोकाला. म्हणजे ओव्हरी कॅलिक्सच्या खाली होती, इन्फिरिअर, फूल एपिगायनस. डाळिंबाचा मुकुटही तिथेच असतो, बघा. टोमॅटो आणि मिरचीला हिरवं कॅलिक्स देठाशी, म्हणून वांग्याच्या पंगतीत. ही एक खूण डोक्यात बसली की यातले बरेचसे प्रश्न हातचे जात नाहीत.

प्लेसेंटेशन म्हणजे ओव्हरीत दाणे कुठे चिकटलेत ते, त्यासाठी पापडी उघडा, दाणे एकाच कडेला ओळीने चिकटलेत, मार्जिनल. भेंडी आडवी कापा, पाच खण आणि दाणे मधल्या अक्षाला लागलेले, ॲक्झाइल. टोमॅटो आणि लिंबू पण ॲक्झाइल, लिंबाची फोड म्हणजे एक एक खण. मस्टर्ड आणि आर्जेमोन पराएटल (भिंतीला चिकटलेले), डायॅन्थस आणि प्रिमरोज फ्री सेंट्रल (मधल्या अक्षाला, पण खण नाहीत), हे मात्र लक्षात ठेवा, बाजारात मिळणार नाही. सूर्यफूल, झेंडू बेसल (तळाला).

पाच फॅमिलींना लोक घाबरतात, पण प्रत्येक फॅमिलीचं एक फूल हातात घेऊन फाडलं तर फ्लोरल फॉर्म्युला (फुलाच्या रचनेचं सूत्र) स्वतः लिहिता येतो. माल्व्हेसीसाठी देवाला वाहायचं जास्वंद एकच घ्या, डबल पाकळ्यांचं नको. बाहेरून आधी एपिकॅलिक्स (कॅलिक्सच्या बाहेरचं आणखी एक हिरवं कडं), मग पाच सेपल (कॅलिक्सचे भाग), पाच पाकळ्या एकमेकींवर एकाच दिशेने वळलेल्या म्हणजे ट्विस्टेड, आणि मधली नळी म्हणजे सगळ्या स्टेमनच्या (पुंकेसरांच्या) दांड्या जुळून झालेली, मोनाडेल्फस, नळीतूनच स्टाइल (ओव्हरीची दांडी) वर येते आणि टोकाला पाच ठिपके म्हणजे पाच स्टिग्मा. पाच स्टिग्मा म्हणजे आत पाच कार्पेल असणार, आडवं कापून बघा, आहेतच. आपल्या जिल्ह्यातला कापूस आणि ताटातली भेंडी याच घरातली. लेग्युमिनोसीसाठी मटार किंवा पापडीचं फूल, एक मोठी पाकळी बाहेर, दोन बाजूला, दोन आत जुळलेल्या, व्हेक्सिलरी, स्टेमन नऊ जुळलेल्या आणि एक सुटी. गुलमोहर मात्र इम्ब्रिकेट (पाकळ्या एकमेकींवर, पण ठरलेल्या दिशेने नाही), हे ऑप्शनमध्ये मुद्दाम शेजारी ठेवतात. क्रुसिफेरीसाठी मोहरी, चार पाकळ्या क्रॉसमध्ये, सहा स्टेमन, त्यातल्या दोन आखूड चार लांब. कॉम्पोझिटीसाठी झेंडूची "पाकळी" ओढून काढा, ती पाकळी नाही, ते पूर्ण एक फूल आहे, खाली तिची स्वतःची ओव्हरी दिसते. आपण जे झेंडूचं बी म्हणून पेरतो ते बी नसून एका बियेचं फळ. आणि ग्रॅमिनीत गहू, मका, भात, त्यांच्या दाण्यात सीड कोट आणि फळाची भिंत चिकटून एक झालेली असते, कॅरिऑप्सिस, म्हणून दाणा हा पण फळच.

आता आत शिरू. ॲनाटॉमीत चार आकृत्या आहेत, डायकॉट (द्विदल) रूट, मोनोकॉट (एकदल) रूट, डायकॉट स्टेम, मोनोकॉट स्टेम, आणि मुलं चारही वेगळ्या पाठ करतात. तसं नका करू. स्टेमला वाऱ्यात वाकायचं असतं, रूटला ओढ सहन करायची असते, झाड हलतं तेव्हा मूळ खेचलं जातं. वाकणाऱ्या गोष्टीचं बळ कडेला लागतं, खेचल्या जाणाऱ्या गोष्टीचं बळ मधोमध चालतं. आपल्याकडच्या घरात हिंचक्याला ज्या बारीक कड्या असतात त्या सगळा भार ओढीवर घेतात म्हणून बारीक असूनही पुरतात, रूटच्या मधोमध गोळा झालेल्या झायलेमचं (पाणी वाहणाऱ्या नळ्यांचं) काम असंच आहे. म्हणून रूटमध्ये व्हॅस्क्युलर भाग, म्हणजे झायलेम आणि अन्न वाहणारं फ्लोएम, मध्ये आणि कॉर्टेक्स (त्याच्या बाहेरचा गर) भला मोठा, आणि स्टेममध्ये झायलेम-फ्लोएमचे बंडल (जुडगे) कडेकडेला सरकलेले, हायपोडर्मिस (सालीखालचा थर) पण मजबूत.

उत्तरायणाला छतावर ऊस खाल तेव्हा एक पेरं आडवं कापून बघा. पांढऱ्या गरात सगळीकडे बारीक ठिपके दिसतील, मध्ये विरळ आणि मोठे, कडेला दाट आणि लहान. हे मोनोकॉट स्टेमचे स्कॅटर्ड बंडल, आणि "पेरिफेरल बंडल्स आर स्मॉलर" हे पुस्तकातलं वाक्य इथे डोळ्यासमोर आहे. चावून जो चोथा थुंकतो त्यातले दोरे म्हणजे हेच बंडल, भोवती स्क्लेरेन्कायमाची (कडक, जाड भिंतीच्या पेशींची) शीथ असल्यामुळे ते दातांनी तुटत नाहीत. बाहेरची कडक साल म्हणजे जिथे स्क्लेरेन्कायमाचा हायपोडर्मिस आहे. डायकॉट स्टेममध्ये हाच हायपोडर्मिस कोलेन्कायमाचा, कारण त्याला अजून वाढायचंय आणि कोलेन्कायमा लवचिक असतो, पेशींच्या कोपऱ्यात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि पेक्टिन, लिग्निन नाही. मोनोकॉट बंडल क्लोज्ड, म्हणजे आत कॅम्बियम (जाडी वाढवणारा थर) नाही, फ्लोएम पॅरेन्कायमा पण नाही. म्हणूनच खजुरीचं खोड खालपासून वरपर्यंत जवळजवळ सारखंच जाड दिसतं.

रूटमध्ये झायलेम आणि फ्लोएम आळीपाळीने, वेगवेगळ्या त्रिज्यांवर, म्हणजे रेडियल. का? पाणी बाहेरून रूट हेअरमधून आत येतंय, त्याला फ्लोएम ओलांडायला न लागता थेट झायलेमला मिळता येतं. वाटेत एंडोडर्मिस (कॉर्टेक्सचा सगळ्यात आतला थर) आहे, त्याच्या भिंतीत सुबेरिनची (मेणासारख्या पदार्थाची) कॅस्पेरियन स्ट्रिप, त्यामुळे पाणी आणि त्यातले क्षार पेशींच्या भिंतींमधून गुपचूप आत घुसू शकत नाहीत, पेशीच्या आतून जावंच लागतं. एक्झार्क-एंडार्क पण असंच लक्षात ठेवा, रूटमध्ये पाणी बाहेरून येतं, पहिलं बनलेलं प्रोटोझायलेम पण बाहेर, एक्झार्क. स्टेममध्ये उलट, प्रोटोझायलेम पिथकडे (मधल्या गराकडे), एंडार्क. हे कारण नाही हं, लक्षात ठेवायची सोय आहे.

मॉर्फॉलॉजी आणि ॲनाटॉमी एकच गोष्ट आहे हे गाजरात दिसतं, आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो. गाजर उभं चिरा. मधला दांडा झायलेमचा, बाहेरचा गोड भाग फ्लोएम आणि कॉर्टेक्सकडचा, दोघांच्या मधली जी रेघ तिथे कॅम्बियम. आता नीट बघा, जिथे जिथे बाहेर बारीक मूळ फुटलंय तिथून एक फिकट रेघ आत मधल्या दांड्यापर्यंत जाते. रूटला नोड नाहीत, बड नाहीत, म्हणून त्याची फांदी आतून, पेरिसायकलमधून (एंडोडर्मिसच्या आतल्या थरातून) उगवते आणि कॉर्टेक्स फोडून बाहेर येते. स्टेमची फांदी मात्र बाहेरच्या बडमधून. वर जो बडचा नियम सांगितला त्याचं आतलं रूप हे.

टिश्यूमध्ये फार वेळ घालवायला नको. पेरू, चिकू खाताना दातात जे कणकण लागतं ते स्क्लेरीड. गुरांनी चरलेलं गवत पुन्हा वाढतं ते इंटरकॅलरी मेरिस्टेममुळे (मधेच असलेल्या वाढणाऱ्या पेशींमुळे). सीव्ह ट्यूबला (फ्लोएमच्या नळीला) मोठेपणी न्यूक्लियस नसतं, तिचं काम कंपॅनियन सेलचं न्यूक्लियस सांभाळतं. जिम्नोस्पर्ममध्ये (उघड्या बियांच्या झाडांत) झायलेमच्या व्हेसल नाहीत, सीव्ह ट्यूब आणि कंपॅनियन सेलच्या जागी सीव्ह सेल आणि अल्ब्युमिनस सेल.

पानात मुलं विसरतात की झायलेम वरच्या बाजूला असतं. स्टेममध्ये झायलेम आतल्या बाजूला आहे ना, बंडल तिथून वळून पानात शिरतं तेव्हा आतली बाजू वर येते, झालं. डायकॉट पानात वर पॅलिसेड (उभ्या दाट पेशी), खाली स्पॉन्जी (विरळ पेशी), स्टोमेटा (पर्णरंध्रं) खाली जास्त. गवतांमध्ये दोन्हीकडे सारखे, गार्ड सेल डंबेलच्या आकाराच्या, आणि वरच्या बाजूला मोठ्या रिकाम्या बुलिफॉर्म सेल. पंचमहालकडे दुपारी मक्याची पानं गुंडाळलेली दिसतात ते याच पेशींतलं पाणी कमी झाल्यामुळे, संध्याकाळी पाणी भरलं की पानं उलगडतात.

सेकंडरी ग्रोथ जुन्या पुस्तकातून एकदा वाचा. कॅम्बियम आत झायलेम जास्त देतं, बाहेर फ्लोएम कमी, स्प्रिंग वुड फिकट, ऑटम वुड गडद, आणि बार्क म्हणजे व्हॅस्क्युलर कॅम्बियमच्या बाहेरचं सगळं, नुसता कॉर्क नाही, या शेवटच्यावर खूप जण मार्क घालवतात.

पेपरमध्ये सेक्शनची आकृती आली की घाबरून लेबल शोधायला लागू नका. आधी झायलेम-फ्लोएम एकाच त्रिज्येवर आहेत का ते बघा. नसतील तर रूट, मग झायलेमचे गट मोजा, दोन ते चार असतील आणि पिथ नावापुरता असेल तर डायकॉट, सहाच्या वर असतील आणि पिथ मोठा तर मोनोकॉट. एकाच त्रिज्येवर असतील तर स्टेम, बंडल रिंगमध्ये तर डायकॉट, विखुरलेले तर मोनोकॉट. एवढं ठरल्यावरच ऑप्शन वाचायला घ्या, तोवर पेन खाली ठेवा.